इम्प्लांट करावं की ब्रिज? खाली दोन दाढा नाहीत, वर एक. अनुभवी लोकांनी सांगावं

वाईच्या बाई

नमस्कार मंडळी. वय ६१, राहणार वाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं मराठी शिकवलं, २०२२ ला निवृत्त झाले. तोंडातल्या भगदाडांबद्दल चारचौघांत बोलायची लाज वाटते, इथे कुणी चेहरा बघत नाही म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

खाली डावीकडच्या शेवटच्या दोन दाढा नाहीत. पुढची २०१८ ला काढली, मागची २०२१ च्या जानेवारीत. त्या बाजूला अक्कलदाढ कधी आलीच नाही, म्हणजे आता तिथून मागे नुसती हिरडी. वर उजवीकडे सुळ्यामागे दोन उपदाढा असतात ना, त्यातली मागची २०२० ला, लॉकडाउन जरा सैल झाल्यावर काढली. तिच्या मागच्या दाढेला आधीच रूट कॅनाल होऊन कॅप बसलेली आहे, आणि पुढच्या उपदाढेत वीसेक वर्षांपूर्वी भरलेली चांदी आहे. तिन्ही दात किडून गेले. हलून पडलेला एकही नाही.

आता त्रास काय, तर डावीकडे चावायला खाली काही नाही आणि उजवीकडे शेंगदाण्याची चटणी नेमकी त्या फटीत जाऊन बसते. भाकरीचा पापुद्रा तेवढा खाते, खालचा भाग आमटीत कुस्करून. गेल्या वर्षी हुरड्याला गेलो तर सगळे ओंजळी भरभरून खात होते आणि मी गूळ चघळत बसले होते. नातीच्या बारशाच्या एकाही फोटोत माझं तोंड उघडं नाही.

तीन ठिकाणी विचारलं.

आमच्या गावचे डॉक्टर वीस वर्षं ओळखीचे. ते म्हणाले, वर ब्रिज करू, म्हणजे दोन्ही शेजाऱ्यांना कॅप आणि मधे त्यांना जोडलेला खोटा दात, पंधरा हजार. खाली ब्रिज होणार नाही, मागे दात नाही. तिथे काढघालीची प्लेट नाहीतर इम्प्लांट, म्हणजे हाडात धातूचा स्क्रू आणि त्यावर कॅप. त्यासाठी पुण्याहून सर्जन महिन्यातून एकदा त्यांच्याकडे येतात, एका दाढेचे कॅपसकट ३२ हजार. एवढं सांगून ते पुढच्या पेशंटकडे वळले. घाई नाही, विचार करा म्हणाले.

मुलाने साताऱ्याच्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. काचेचं दार, एसी, गेल्या गेल्या कॉफी. एक मोठा एक्स-रे काढला आणि दहा मिनिटांत कागद हातात: तीन इम्प्लांट, १ लाख ३५ हजार, पण शनिवारपर्यंत पैसे भरले तर १ लाख १० हजार. डॉक्टरांपेक्षा कागद समजावणारी मुलगीच जास्त वेळ बोलली. कांदे घेताना असं कुणी म्हटलं तर मी पुढच्या गाड्यावर जाते. पण इथे मुलगा म्हणतो, आई पैशाचं बघू नकोस.

फलटणची धाकटी बहीण म्हणते, एवढ्या वयात जबड्यात स्क्रू कशाला ठोकून घेतेस, काढघालीची प्लेट कर, तीन हजारांत काम.

तब्येतीचं सांगते. साखर २०१४ पासून, गोळ्या चालू आहेत. तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट गेल्या महिन्यात ८.१ आला. बीपीची अर्धी गोळी. आणि आता जे लिहितेय ते मुलालाही माहीत नाही: मी पंधरा वर्षं मशेरी लावत होते. सकाळी पोरांना तंबाखूमुक्तीची शपथ द्यायची आणि घरी आले की न्हाणीघरात डबी. पहिली दाढ काढली त्या दिवशी, २०१८ ला, ती डबी कृष्णेत टाकली. नंतर हात लावला नाही.

तर प्रश्न असे. माझ्यासारखीला इम्प्लांट चालतं का? तिन्ही जागी हवंच का? आणि एक बाळबोध प्रश्न: हाडात धातू घातला तर शरीर तो बाहेर का टाकत नाही? पायात साधा काटा गेला तरी पू होतो.

---

लालपरीवाला

बाई, मी डॉक्टर नव्हे. एसटीत ड्रायव्हर होतो, कराड-चिपळूण लाईनला बरीच वर्षं काढली. पण कवळीच्या बाबतीत कुणी माझ्याशी वाद घालू नये.

२०१४ पर्यंत तंबाखूनं सगळं बोळकं झालं होतं. दोन्ही जबड्यांची कवळी केली. वरची छान बसली, टाळूला धरून राहते. खालची मात्र नाचायची. बोललं की उचलायची, खाल्लं की सरकायची. एकदा हेळवाकला चहा घेताना शिंक आली आणि खालची कवळी थेट कंडक्टरच्या ग्लासात. त्यानं चहा टाकून दिला आणि डेपोभर सांगितलं. रिटायर होईस्तोवर मला पोरं 'बुडवून घ्या काका' म्हणायची.

पुढं २०१९ ला एका डेंटल कॉलेजात खालच्या जबड्यात फक्त दोन इम्प्लांट घातले, सुळ्यांच्या जागी. त्याच्यावर कवळीला टिचबटण. सकाळी टिच्च करून लावायची, रात्री काढून पाण्यात ठेवायची. आता मटण खातो. नळी फोडत नाही, पण मटण खातो. बटणाच्या आतलं रबर झिजतं, मी दीडेक वर्षानं बदलून घेतो, त्याला फार पैसे लागत नाहीत.

कॉलेजात शिकणारी पोरं काम करतात आणि मागं त्यांचे सर उभे असतात. वेळ लई जातो, माझे सात-आठ महिने आणि पंधरा चकरा झाल्या. पण खर्च बाहेरच्या निम्म्याहून कमी आला. तुम्हाला पेन्शन आहे म्हणून घाई करू नका, एवढंच माझं म्हणणं. शनिवारपर्यंत भाव कमी असणारा माणूस सोमवारी पण तेवढ्यातच देतो.

---

दंतवैद्य, कोल्हापूर

बाई, मी कृत्रिम दातांच्या विषयात एमडीएस आहे, हे काम १९ वर्षं करतोय. तुमचं तोंड न बघता 'करा' किंवा 'करू नका' सांगणं चूक ठरेल. पण तुमच्या गावच्या डॉक्टरांनी जे दोन मिनिटांत सांगितलं ते मला नीट विचार केलेलं वाटतं. त्याची कारणं सांगतो, म्हणजे तुम्हालाच ठरवता येईल.

आधी वरची फट. इम्प्लांटचा सगळ्यात मोठा फायदा हा की शेजारच्या चांगल्या दातांना हात लावावा लागत नाही. ब्रिज करायचा तर दोन्ही बाजूंचे दात तासून खांब करावे लागतात. शेजारी दोन धडधाकट दात असते तर मी म्हणालो असतो, ब्रिजसाठी त्यांचा बळी देऊ नका. पण तुमची मागची दाढ आधीच कॅपखाली आहे आणि पुढच्या उपदाढेत मोठी चांदी आहे, म्हणजे तिलाही आज ना उद्या कॅप लागणारच. मग तोच ब्रिज तिघांचं काम करतो. शिवाय त्या जागेच्या वर सायनस असते, म्हणजे गालामागच्या हाडातली हवेची पोकळी. दात काढल्यावर हाड खालून झिजतं, वरून सायनस पसरते, आणि पाच वर्षांनी मधे किती हाड उरलंय ते सांगता येत नाही. कमी असेल तर आधी सायनसचा तळ उचलून हाड भरायचं. एका उपदाढेसाठी एवढा खटाटोप तुमच्या बाबतीत मी करणार नाही.

आता खाली. मागे खांब नाही, त्यामुळे ब्रिज म्हणजे एका बाजूने टेकू दिलेली गॅलरी. तुमचे डॉक्टर नाही म्हणाले ते बरोबर. काढघालीची प्लेट होते, पण एका बाजूच्या दोन दाढांसाठी ती जबड्याच्या पलीकडच्या बाजूपर्यंत फिरवून न्यावी लागते, आणि बऱ्याच जणांची ती महिन्याभरात डबीत जाते. तेव्हा खरा प्रश्न फक्त इथलाच आहे. आणि इथेही मी विचारीन, दोन कशाला? पहिल्या मोठ्या दाढेवर चावण्याचं बहुतेक काम होतं. तिच्या मागची नसली तरी माणसं आयुष्य काढतात, त्यांना कळतही नाही. जपानमध्ये १९८९ पासून एक मोहीम आहे, वयाच्या ८० व्या वर्षी स्वतःचे २० दात. वीसच, बत्तीस नव्हे. आरशासमोर उभं राहून तुमचे किती आहेत ते मोजा.

तिथल्या दोन गोष्टी कुणी तपासल्यात का? पहिली, फटीच्या वरची दाढ. खाली अडवायला काही नसलं की ती सात वर्षांत हळूहळू खाली उतरते. इम्प्लांट झकास बसतं आणि मग कळतं की कॅपला जागाच नाही. आरशात दात मिटून ओठ बाजूला ओढून बघा. दुसरी, हाडाची जाडी. मोठा एक्स-रे, ज्याला आम्ही ओपीजी म्हणतो, तो उंची दाखवतो, रुंदी नाही. पत्रा समोरून बघितला तर भिंतीसारखाच दिसतो. त्यासाठी सीबीसीटी नावाचा स्कॅन लागतो, त्यात खालच्या ओठाला जाणारी नस किती खाली आहे तेही मिळतं. नसेला धक्का लागला तर अर्धा ओठ बधिर राहू शकतो. दहा मिनिटांत तीन इम्प्लांटचा कागद हा स्कॅन न करता दिला असेल तर तो नुसता अंदाज आहे.

साखर ८.१ म्हणजे नकार नाही, थांबा आहे. आठच्या वर असेल तर बहुतेक सर्जन आधी खाली आणायला सांगतात, सातच्या आसपास असेल तर जखम नीट भरते. वयाची काळजी नको. सत्तरीतल्या, ऐंशीतल्या पेशंटचे इम्प्लांट मी केलेत. आम्ही थांबतो ते विशीच्या आतल्या पोरांसाठी, कारण त्यांचा जबडा अजून वाढत असतो. मशेरी सोडून सात वर्षं झाली, चांगलं केलंत. तरी तंबाखूचा काही परिणाम मागे राहिलाय का हे कळायला एकदा तोंड पूर्ण उघडून तीन बोटं उभी जातात का बघा आणि गालाच्या आत पांढरा पट्टा आहे का ते डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. मशेरीचं त्यांना सांगा. मुलाला सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

काट्याचा प्रश्न बाळबोध नाही. पोलाद किंवा चांदी घातली तर शरीर भोवती मऊ पडदा तयार करून ती वेगळी पाडतं. टायटॅनियमवर मात्र हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन ऑक्साइडचा अतिपातळ थर तयार होतो आणि हाडाच्या पेशी त्या थराला परका समजत नाहीत, थेट चिकटून वाढतात. स्वीडनमधल्या ब्रोनेमार्क नावाच्या डॉक्टरांना हे १९५० च्या दशकात सशाच्या हाडात कळलं. हाड कसं भरून येतं ते बघायला त्यांनी टायटॅनियमची नळी घातली होती, आणि नंतर ती निघेचना. माणसाच्या जबड्यात त्यांनी पहिल्यांदा १९६५ ला केलं. हे चिकटायला खाली साधारण तीन महिने लागतात, वर चार ते सहा.

शेवटचं. तुम्ही साखर आणि बीपी सांगितलं. त्याशिवाय काही? रक्त पातळ करणारी गोळी, हाडांसाठी काही, कधी रेडिएशन? या वयाच्या बायकांना मी हे तीनदा विचारतो.

---

ठाण्याची मावशी

मी दुसरी बाजू सांगते, घाबरवायला नाही. माझं इम्प्लांट २०१७ ला झालं, खालची उजवी दाढ. पाच वर्षं इतकं छान की मी विसरूनच गेले होते, आणि तिथेच चुकलं. सहा महिन्यांनी स्वच्छतेला या असं सांगितलं होतं, मी दोनदा गेले. दुखत नाही तर कशाला जायचं?

२०२३ ला ब्रश करताना रक्त यायला लागलं. दुखणं शून्य. मला वाटलं होतं, काही बिघडलं तर दात ठणकतो तसं ठणकेल. एक्स-रे काढला तर भोवतालचं निम्मं हाड गेलेलं. डॉक्टर म्हणाले, इम्प्लांट किडत नाही, पण त्याची हिरडी सुजते आणि आत हाड खात जाते, आणि दाताभोवती जे तंतू असतात ते इथे नसल्यामुळे वेळेवर कळत नाही. शेवटी काढावं लागलं.

दुसरा घोटाळा असा की त्याआधी एकदा आतला छोटा स्क्रू सैल झाला होता. ज्यांनी बसवलं त्यांचा दवाखाना बंद होऊन ते परगावी गेले होते. दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, कोणत्या कंपनीचं? मला काय माहीत! प्रत्येक कंपनीचा पेचकस वेगळा असतो म्हणे. तीन दवाखाने फिरले. इम्प्लांटच्या डबीवर एक स्टिकर असतो, कंपनी, जाडी, लांबी, बॅच नंबर. ते मागून घ्या आणि जपून ठेवा. मला कुणी सांगितलं नव्हतं.

---

पिंट्या_शेठ

एवढा विचार कशाला, आमच्या इकडे बोर्ड लागलेत, '७२ तासांत फिक्स दात'. तीन दिवसांत विषय संपला.

---

दंतवैद्य, कोल्हापूर

पिंट्याशेठ, 'फिक्स दात' हा शब्दच गोत्यात आणणारा. काही लोक ब्रिजला फिक्स म्हणतात, काही इम्प्लांटला, काही तर दात तारेने बांधून त्यालाही. कुणी म्हटलं तर आधी विचारायचं, हाडात काही घालणार का? पूर्ण जबड्याचे दात एकमेकांना जोडून लगेच बसवण्याच्या पद्धती आहेत, निवडक पेशंटना चालतात. बाईंची खालची एकटी दाढ, त्यात साखर, तिथे तीन दिवसांत सगळा भार देण्याची माझी तरी हिंमत नाही.

लालपरीवाले काका, तुमच्या कॉलेजच्या सरांना माझा नमस्कार सांगा. पूर्ण बोळक्या तोंडाला खालच्या जबड्यात किमान दोन इम्प्लांट आणि त्यावर टिचबटणाची कवळी, हे २००२ साली माँट्रियलला तज्ज्ञांनी एकत्र बसून पहिली निवड म्हणून सांगितलं होतं. आपल्याकडे अजून लोकांना ते माहीत नाही. एकतर नुसती नाचणारी कवळी, नाहीतर चार-पाच लाखांचे पूर्ण दात, असेच दोन पर्याय दाखवतात. टिचबटण हा शब्द मात्र मी आता रोज वापरणार.

---

वाईच्या बाई

डॉक्टर, तुम्ही तीनदा विचारता ते बरं झालं. मी दोनदा नाही म्हणाले असते.

२०२१ च्या दिवाळीत घाटावर पाय घसरून मनगट मोडलं. तेव्हा हाडांची तपासणी झाली, ठिसूळ आहेत म्हणाले. २०२२ पासून दर नोव्हेंबरात मला एक सलाइन लावतात, अर्ध्या तासाचं काम. फाईल काढून नाव वाचलं: झोलेड्रॉनिक अॅसिड. तीन झालीत, चौथं तीन महिन्यांनी आहे.

हे मी कुठेच सांगितलं नव्हतं. लपवलं नाही हो. साताऱ्याच्या फॉर्मवर प्रश्न होता, 'रोज कोणत्या गोळ्या घेता?' ही गोळीही नाही आणि रोजचीही नाही. प्रश्नाला नेमकं उत्तर द्यावं असं मीच ३४ वर्षं पोरांना शिकवत आले. गावच्या डॉक्टरांनी तर 'औषधं तीच ना?' एवढंच विचारलं आणि मी मान हलवली.

आता भीती वाटते. शनिवारच्या आत पैसे भरले असते तर?

दात मोजले. २५ आहेत.

---

दंतवैद्य, कोल्हापूर

घाबरू नका, पण हे सगळ्यात महत्त्वाचं होतं.

हे औषध हाड झिजणं थांबवतं, म्हणून मनगट-मणका वाचतो. पण जबड्याचं हाड जखम भरताना जुनं काढून नवं घालत असतं, आणि तेच काम मंदावतं. क्वचित जखम भरतच नाही, हाड उघडं पडतं आणि महिनोन्‌महिने तसंच राहतं. कॅन्सरच्या पेशंटना हेच औषध बऱ्याचदा दर महिन्याला देतात, म्हणजे वर्षभराची मात्रा कितीतरी पट होते. त्यांच्यात हा धोका खरा मोठा असतो आणि तिथे आम्ही इम्प्लांट टाळतो. तुमच्यासारखं वर्षातून एकदा ठिसूळपणासाठी घेणाऱ्यांत तो फारच कमी आहे. म्हणून हा नकार समजू नका. पण साखर, जुनी मशेरी आणि हे सलाइन असं तिन्ही एकत्र आलं की मी कापाकापी कमीत कमी ठेवतो. तीन इम्प्लांट आणि सायनसमध्ये हाड भरणं एका बैठकीत, हे तर मुळीच नाही.

सलाइन स्वतःच्या मनाने पुढे ढकलू नका. औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं, एक महिना चुकवून जबड्याला फार फायदा होईल असं नाही, मणक्याचं मात्र नुकसान होऊ शकतं. इथे वाचणाऱ्या कुणाच्या आईला दर सहा महिन्यांनी पोटात टोचायचं डेनोसुमॅब चालू असेल तर त्यांनी तर जास्तच सांभाळा. ते थांबवलं की हाड झपाट्याने झिजतं आणि मणके दबलेले पेशंट मी बघितलेत. तारखा काय असाव्यात ते तुमच्या हाडांच्या डॉक्टरांना आणि दातांच्या सर्जनला एकमेकांशी बोलू द्या, मधे निरोप्या तुम्ही होऊ नका.

आणि उलटा विचारही करा. इम्प्लांट नको म्हणून वाट्टेल ती प्लेट घातली आणि ती हिरडीला घासत राहिली तर तिथेही हेच होऊ शकतं. दात काढावा लागला तरी तेच. तेव्हा आहेत ते २५ सांभाळणं हाच तुमचा पहिला उपचार. आधी दात साफ करून घ्या, चांदीची ती उपदाढ बघून घ्या.

---

वाईच्या बाई

अडीच महिन्यांनी परत येतेय. मधे काहीच लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं घडत नव्हतं. नुसता भात बंद.

गावच्या डॉक्टरांकडे सलाइनची फाईल, साखरेचे रिपोर्ट आणि मशेरी असं सगळं घेऊन गेले. मशेरीचं ऐकून ते हसले, म्हणाले, बाई, हिरडीवरून मला २०१५ लाच कळलं होतं. तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होतो. दहा वर्षं हा माणूस गप्प बसला! मला आधी राग आला, मग वाटलं, विचारलं असतं तर मी साफ खोटं बोलले असते. गालात पट्टा नाही, तीन बोटं जातात.

दात साफ केले, दोन बैठका लागल्या. वरचा ब्रिज झाला, गेल्या मंगळवारी कायमचा चिकटवला. उपदाढेतली चांदी काढली तर खाली कीड होतीच, रूट कॅनाल निघालं, म्हणून पंधराचे एकोणीस हजार झाले. पहिले चार दिवस तोंडात कुणीतरी परकं येऊन बसल्यासारखं वाटत होतं. परवा आख्खी भाकरी खाल्ली, कडांसकट, चटणी लावून. चटणी कुठेही बसली नाही.

खालचा स्कॅन पुण्यात केला, मुलगा घेऊन गेला. हाडाची रुंदी ७ मिलिमीटर, नस १३ मिलिमीटर खाली. सर्जन म्हणाले, सात वर्षांनी एवढं हाड म्हणजे नशीब. पण तुम्ही म्हणाला होतात तसंच, वरची दाढ दोन मिलिमीटर खाली उतरलीय, ती थोडी तासून घ्यावी लागेल. साखर ८.१ वरून ७.४. हाडांच्या डॉक्टरांनी सर्जनला माझ्यासमोर फोन लावला. दोघांचं इंग्रजीतलं बोलणं अर्धं कळलं, पण ठरलं ते असं: सलाइन ठरल्या वेळी नोव्हेंबरात, इम्प्लांट एकच, पुढच्या दाढेच्या जागी, फेब्रुवारीत, तेही जानेवारीचा रिपोर्ट साडेसातच्या आत राहिला तर. मागची दाढ तशीच सोडायची. जखम भरणार नाही असा थोडा धोका आहे, हे मराठीत लिहून माझी सही घेणार आहेत. मीच मराठीत मागितलं. शुद्धलेखन तपासूनच सही करीन.

सातारच्या त्या मुलीचा फोन अजून येतो. परवा ऑफर ९५ हजारांवर आली होती. लालपरीवाले काका, तुमचा सोमवार खरा ठरला.

बहीण म्हणते, अजून फेब्रुवारीला वेळ आहे, विचार बदल. तिला सांगितलंय, बदलला तर बदलला. तोवर उजवीकडून चावतेय.

एक शेवटचं विचारते. सर्जन म्हणाले, कॅप स्क्रूने बसवता येते किंवा सिमेंटने चिकटवता येते, सांगा कशी हवी. मी काय सांगू?

---

दंतवैद्य, कोल्हापूर

खालच्या त्या दाढेला स्क्रूची मागा. सैल झाली तर काढून घट्ट करता येते, आणि चिकटवताना सिमेंट हिरडीखाली अडकून राहिलं तर मावशींना जे झालं तेच होऊ शकतं. कॅपच्या वरच्या बाजूला स्क्रूचं भोक भरलेला बारीक ठिपका दिसेल, खालच्या दाढेला तो कुणी बघत नाही. दातांमधून फिरवायचा छोटा ब्रश आत्ताच आणा आणि ब्रिजखाली सवय करा. स्टिकर विसरू नका.

---

वाईच्या बाई

स्टिकरची जागा ठरवलीय. रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये, मागच्या बाजूला. आमच्या घरात तेवढीच एक वस्तू कधी हरवलेली नाही.